आईच्या नावाची बुडी

लेसिएलीनं अर्ज टेबलावर ठेवला आणि मी चिडू नये म्हणून शेजारी केकचा तुकडा सरकवला.

"रेन्या, आईला जाऊन वर्ष झालं गं. भरून टाक आता. मी येते तुझ्यासोबत."

आम्हा मॉर्मन लोकांत मेलेल्यांच्या नावानं जिवंत माणूस मंदिरातल्या पाण्यात बुडी घेतो, म्हणजे त्यांचा बाप्तिस्मा होतो. मग वरच्या जगात घरची माणसं कायमची एकत्र राहतात. नाही घेतला तर ताटातूट.

मी जन्मानं ज्यू. एक्केचाळिसाव्या वर्षी मॉर्मन झाले ती याच एका गोष्टीसाठी. मेलबर्नमधल्या आमच्या घरात आई आणि मी, बस्स. ना मामा, ना मावशी, ना आजी. सगळी पोलंडमध्ये नाझींच्या हातून मारली गेली. दर शुक्रवारी ज्यू रीतीनं मेणबत्त्या लावून झाल्या की आई त्यांची नावं पुटपुटायची. चौदा नावं. डोळ्यांत टिपूस नसायचं. आणि माझ्याबरोबर लाँड्रीत काम करणाऱ्या, टोंगा बेटांवरून आलेल्या या मॉर्मन लेसिएलीकडे रविवारी तीस माणसं जेवायला! ती एकदा चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मेलेली कुठं जातात? भेटणारच की." मी तिथंच विरघळले. चौदा माणसं भेटणार म्हटल्यावर कोण विरघळणार नाही?

आईला सांगितलं तेव्हा ती सूपसाठी गाजरं कापत होती.

"त्यांच्यात चालत नाही म्हणून चहा सोडलास, कॉफी सोडलीस. मला सोडायचं राहिलं होतं, तेही उरकलंस."

मी मेलेच असं धरून तिनं माझ्या नावानं सात दिवस सुतक पाळलं, ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे बुटक्या स्टुलावर बसून. आठव्या दिवशी फोन आला. "सूप उरलंय. घेऊन जा. फुकट जाईल."

तीन वर्षं अशीच गेली, टोमणे आणि सूप. मग ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते.

"तुमच्यात मेलेल्यांना पाण्यात घालतात म्हणे?"

"हो."

"मला घालशील?"

मी पाय चेपत राहिले.

"गप्प बसलीस म्हणजे घालशील."

"आई, मला तू हवी आहेस गं. आणि त्या चौदा जणांना एकदा बघायचंय."

"त्यांचं सगळं घेतलं, रेन्या. घरं, कपडे, डोक्यावरचे केससुद्धा. नावं तेवढी माझ्याकडे राहिली. ज्यू म्हणून मेली सगळी. त्यांना तुझ्या पाण्यात नेऊ नकोस. मलाही नको. शपथ घे."

माझा विश्वास खोटा असता तर शपथ सोपी होती. पण तो खरा होता, अजूनही आहे. मी शपथ घेतली. ज्यांच्यासाठी मंदिराच्या दारात गेले, त्यांनाच दाराबाहेर ठेवलं, आईलाही.

आईनं उशीवरून मान माझ्याकडे वळवली.

"म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे आपण परत नाही भेटणार?"

"नाही."

"मग तिथं तुझ्याजवळ कोण असेल?"

"कुणी नाही."

चौदा नावं घेताना कधी न रडलेली माझी आई तेव्हा रडली. माझा हात घट्ट धरून, लहान मुलासारखी. शपथेतून मात्र तिनं मला मोकळं केलं नाही.

हे सगळं मी लेसिएलीला सांगितलं. तिनं डोळे पुसले, पण अर्ज उचलला नाही.

"अगं, पण तू वर एकटी कशी राहशील?"

"आईनंही हेच विचारलं होतं."

मीच अर्जाची घडी घालून तो तिच्या पिशवीत ठेवला. केक तसाच राहिला.

रविवारी मी चर्चला जाते. शुक्रवारी मात्र आईच्या मेणबत्त्या लावते आणि नावं घेते. आता पंधरा आहेत. शेवटचं घेऊन झालं की दोन्ही मेणबत्त्या विझेपर्यंत तिथून उठत नाही. तिच्याजवळ बसायला मला एवढाच वेळ आहे.