कृष्णनाथांचा बरा फोटो

पद्मावतीबाईंच्या भिंतीवरची गेलेली माणसं सगळी काळ्या-पांढऱ्यात होती. सासरे, सासूबाई आणि लग्नाआधीच गेलेली नणंद. यजमान कृष्णनाथ गेले, तेव्हा ह्या सगळ्यांशेजारी त्यांचा रंगीत फोटो लावायला बाईंचं मन घेईना. "एकटेच लग्नाला निघाल्यासारखे दिसतील," त्या म्हणाल्या.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि धड फोटो एकच होता. तो अभिजीतने काढलेला. अभिजीत गडहिंग्लजकडचा. तो आणि त्याची बायको स्वाती पाळी गावातल्या बाईंच्याच घरात मागच्या खोलीत भाड्याने राहत. कारखान्यात नोकरी, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. कृष्णनाथ जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, वर्तमानपत्र वाचत बसलेले असताना त्याने त्यांना टिपलं होतं.

"काळा-पांढरा करून देतो की काकू," तो म्हणाला. "पण तुम्ही बघून सांगायचं. माणूस तुमचं आहे."

पहिल्या खेपेस त्याने लॅपटॉप समोर ठेवला आणि पद्मावतीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. गालावर जनेलातलं ऊन, दाढीचे पांढरे खुंट, चष्म्यावरून बघायची ती रीत. हेच.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "बरा आहे रे."

अभिजीतचा चेहरा पडला. "बरं. बघतो अजून."

अजून काय बघणार, हे बाईंना कळलं नाही. दुसऱ्या खेपेस जनेल काळोखात गेलं होतं आणि सुरकुत्या कोरून काढल्यासारख्या दिसत होत्या. आपल्याच चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं त्यांना वाटलं. पोर एवढं खपतंय, त्याला कसं दुखवायचं?

"हाही बरा आहे."

"हाही?" म्हणत तो लॅपटॉप घेऊन गेला. तिसऱ्या खेपेस कृष्णनाथ तुळतुळीत होऊन आले.

"दाढी कोणी केली ह्यांची?"

"साफ केली, काकू. चेहऱ्याला उठाव येतोय."

"हं. बरा."

बाईंचा गोंधळ वाढतच गेला. त्यांच्या लहानपणी डिचोलीचा फोटोग्राफर अंगणात चादर बांधून फोटो काढायचा आणि ब्रशने बायकांच्या कानात नसलेल्या कुड्या घालून द्यायचा. पण तो कुणाला विचारायचा नाही. हा विचारतो, चांगलं म्हटलं की तोंड पाडतो आणि जाऊन सगळं बदलून आणतो. ही कुठली रीत?

शेवटी स्वातीच आली. "काकू, एक बोलू? राग धरू नका. हे ड्युटी सुटली की त्या फोटोवरच बसतात. एकदा छान म्हणून टाका की. नाहीतर सरळ वाईट म्हणा."

"अगे, पहिल्याच दिवशी सांगितलं ना मी."

"काय सांगितलं?"

"बरा आहे म्हणून."

"तेच तर. बरा म्हणजे काय, चालतंय एवढंच. आमच्यात तापातनं उठलेल्याला बरा म्हणतात."

"आमच्याकडे बरें म्हणजे चांगलं गे बाय. जेवण बरें, सोयरीक बरी. त्याच्यावर आणखी काय म्हणायचं माणसाने?"

स्वाती पोट धरून हसली. बाई हसल्या नाहीत. कृष्णनाथ मराठी शाळेतले मास्तर. घरात कोकणी बोलत, पण मधेच शाळेतल्यासारखं मराठीवर येत. जेवून उठताना जन्मभर एकच म्हणत, बरं झालंय. पद्मावतीबाई त्या एका शब्दावर दिवसभर खूश असायच्या. तो बरं कोकणीतला होता की मराठीतला, हे आजवर विचारावंसं वाटलं नव्हतं.

अभिजीत घरी आल्यावर त्यांनी त्याला बोलावलं. "तो पहिला आण. पहिलाच चांगला होता."

त्याने कपाळावर हात मारला. "पहिला नाही हो ठेवला. त्याच्यावरच पुढचं करत गेलो. मूळचा रंगीत आहे, त्यावरनं परत करू. फक्त तुम्ही सांगत चला."

दोघं लॅपटॉपपुढे बसली. "असा?" "ऊन आणखी थोडं." "असा?" "खुंट दिसू देत. हां." फोटो हळूहळू पहिल्यासारखा होत आला आणि तिथे आल्यावर पद्मावतीबाईंना ठरवता येईना. अभिजीतने उजेड जरा वाढवला की कृष्णनाथ समाधानी दिसत. जरा उतरवला की घरातल्या माणसांचं सोसून घेत असल्यासारखे. तेच डोळे, तोच चष्मा.

"कुठला ठेवू?"

"पुन्हा दाखव."

त्याने पुन्हा दाखवलं. बाई पुढे वाकल्या. "पहिला कसला होता रे?"

"ते तुम्हीच सांगायचं, काकू."

"दोन्ही त्यांचेच दिसतात."

"लावायचा एकच नव्हं?"

"मग मधे कुठे थांबतं का बघ."

तो अगदी सावकाश बोट सरकवत राहिला. एका जागी पद्मावतीबाईंनी त्याचं मनगट धरलं. तिथे कृष्णनाथ नुसतेच वर बघत होते. खूश की नाखूश, काही कळत नव्हतं.

"आवडला?" अभिजीतने जपून विचारलं.

"आवडला की नाही ते मला नाही सांगता येत आता," त्या म्हणाल्या. "पण माझ्याबरोबर राहिले ते हेच. हाच छापून आण."