न खुडलेल्या दोन ओळी

आमच्या गावात शिकारीचा परवाना हवा असेल, तर आधी माझ्या तावडीत सापडावं लागतं. शिकारमंडळाच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी मी कायदा शिकवतो. अठरा वर्षं झाली. बायको होती तेव्हा म्हणायची, "ओताव्यो, तुला ससा कुठला मिळतोय, तू कलमंच मारत बस." निशाणा माझा यथातथाच आहे, हे कबूल करून टाकतो. ती गेल्यापासून गुरुवार सोडला तर आठवड्यात मला काही कामही नाही.

एर्सीलिया वहिनी म्हणजे माझ्या वारलेल्या मित्राची बायको. मागच्या वर्षी त्यांनी आपल्या द्राक्षमळ्याला पाटी लावली, शिकाऱ्यांना प्रवेश बंद. मी गावच्या कॉफी-बारमध्ये, चार लोकांदेखत, त्यांची शिकवणी घेतली.

"वहिनी, पाटीला कोण विचारतो? दुसऱ्याच्या जमिनीत शिरायला शिकाऱ्याला आपल्याकडे परवानगी लागत नाही. अडवायचंय ना? एक मीटर वीस उंच कुंपण घाला. नाहीतर तीन मीटर रुंद, दीड मीटर खोल पाणी. घ्या कुदळ!"

सगळे खो-खो हसले. वहिनी अर्धी कॉफी टाकून निघून गेल्या. मला वाटलं, काय छान समजावलं आपण!

यंदा नोव्हेंबरातल्या एका रविवारी माझी कुत्री बिर्बा त्याच मळ्याच्या खालच्या टोकाला शेपूट ताठ करून थांबली. आत फेझंट पक्षी होता. द्राक्षांची खुडणी कधीच आटोपलेली, त्यामुळे मी बिनधास्त शिरलो आणि बार काढला. फेझंट निवांत उडून गेला. वहिनी मात्र सपाता घालूनच धावत आल्या.

"मास्तर, पाटी वाचता येत नाही?"

"येते की. पण वहिनी, पाटीचं मी तुम्हाला..."

"चला घरात. तुमच्यासमोर तक्रार लिहिते, वनपोलिसांना."

मी मजेत गेलो. स्वयंपाकघरात चष्मा लावून त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "पाटी असूनही हा माणूस माझ्या परवानगीशिवाय आत शिरला." हा कागद थेट केराच्या टोपलीत जाणार होता. मी हसू दाबत खिडकीबाहेर पाहिलं आणि गारच पडलो.

घरालगतच्या दोन ओळींवर घड लटकत होते. नाताळात गोड वाईन करायची म्हणून वेलीवरच सुकायला ठेवलेले. मळ्याची खुडणी पुरी झाल्याशिवाय तिथे शिकार करायची नाही, हे मी वर्गात तीन-तीनदा घोकून घेतो. आणि दंड झालेल्यानं शिकवायचं नाही, हा मंडळाचा नियम. तोही मीच करून घेतलेला.

"घाम का फुटलाय?" वहिनी म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "बरोबर लिहिलंय ना? की बारमध्ये परत हसं होईल माझं?"

गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. पण त्यांच्या त्या विचारण्यानं मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं वाक्य मला बघवेना.

"खोडा ते," मी म्हणालो. "परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हाच नाही. लिहा, खुडणी बाकी असलेल्या मळ्यात बार काढला."

वहिनींनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे त्या दोन ओळींमुळे तुम्ही अडकता?"

"हो."

"आणि हे तुम्हीच मला सांगताय?"

"खाली कलमाचा आकडा घाला. नाहीतर परत पाठवतील."

दंड झाला. वर्ग गेला. दंडाची पावती द्यायला आलेला वनपोलीस माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

"मास्तर, इतकी बिनचूक तक्रार आमच्याकडे आजवर आली नव्हती. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, शिकवणारा चांगला होता."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी घरीच बसलो होतो. फार एकटं वाटत होतं. तरी खोटं कशाला बोलू, वहिनींचं ते शेवटचं वाक्य मी बिर्बाला दोनदा ऐकवलं.