चार बोटं उजवीकडे

मरोबा माझ्या धाकट्या बहिणीचा, न्दुकूचा नवरा. एयासी सरोवराच्या काठच्या आमच्या वस्तीत त्याच्याइतके सरळ बाण कुणी करत नसे. ओली काडी सोलून तो गरम राखेत फिरवायचा, दातांत धरून हलकेच वाकवायचा, एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकायचा आणि मनासारखी होईपर्यंत पुन्हा राखेत घालायचा. मग गिनीकोंबडीची पिसं अशी बांधायचा की बोट फिरवलं तरी जोड कळू नये.

त्या कोरड्या दिवसांत त्याचे बाण चुकायला लागले. गोरखचिंचेच्या बुंध्यावर आम्ही कोळशाचा ठिपका काढला होता आणि त्याचा प्रत्येक बाण ठिपक्याच्या चार बोटं उजवीकडे लागत होता. आम्ही म्हणतो म्हणून त्याने पिसं बदलली, धनुष्याचं वरचं टोक तासलं, दोरी उलगडून नव्याने पिळली. तरी चार बोटं.

"मेव्हण्या, सासू मांस मागतेय म्हणून हात थरथरतो काय रे?" मी चिडवलं आणि त्याचंच धनुष्य घेऊन त्याचाच बाण सोडला. ठिपक्याच्या मधोमध लागला.

"बघ, तूच चुकलास," तो म्हणाला. "डावीकडे गेला."

मी हसलो. तो उठून बुंध्यापाशी गेला आणि ठिपका दाखवायला त्याने बोट टेकवलं. बोटाखाली नुसती साल होती; ठिपका चार बोटं डावीकडे राहिला होता.

मी ते कुणाला सांगितलं नाही. डोळा बिघडला असेल, असं धरून चाललो. पण चार-पाच दिवसांनी शिकारीला गेलो तेव्हा मरोबाने एका मोकळ्या झुडपाकडे रोखून बाण सोडला. तिथे काहीही नव्हतं; मी मागेच उभा होतो, मला नीट दिसत होतं. झुडपापलीकडे रक्ताचे थेंब मिळाले आणि त्यांच्या मागावर, दुपारपर्यंत चालल्यावर, पिळदार शिंगांचं एक भलंमोठं कुडू हरीण पडलेलं सापडलं. त्याच्या बरगडीत मरोबाचा बाण होता. वस्ती तीन दिवस जेवली. आमच्या आईने जावयाचं पहिल्यांदा तोंड भरून कौतुक केलं.

न्दुकू मात्र खूश नव्हती. सातवा महिना चालला होता तिला. कंद उकरता उकरता मला म्हणाली, "दादा, तो माझ्याशी बोलतो, हसतो. पण बघतो माझ्या बाजूला. मी मध्ये काही बोललेच नाही, तरी थांबतो, ऐकून घेतो, आणि मग उत्तर देतो."

"अगं, डोळ्याचं काहीतरी असेल."

"कोण आहे तिथे, तू तरी बघ. माझ्यासाठी."

त्याला काय दिसतं ते कळावं म्हणून मी माझं धनुष्य आणि बाण घेऊन मरोबाकडे गेलो. माझेही बाण नीट करून दे म्हणालो. तो खूश झाला. दोन दिवस त्याने माझ्या काड्या राखेत शेकल्या, दातांनी सरळ केल्या, माझ्या हाताच्या ओढीप्रमाणे धनुष्य तासलं. मग मला गोरखचिंचेसमोर उभं केलं, माझा खांदा धरून किंचित वळवला.

पहिले सगळे बाण उजवीकडे गेले. "जमेल, घाई नको," तो म्हणाला. मी रोज सकाळी सराव केला, कारण बहिणीला शब्द दिला होता. आठव्या दिवशी एकापाठोपाठ तीन बाण ठिपक्यात रुतले. मला फार बरं वाटलं. वळून पाहिलं तर मरोबा सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता, इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच.

"आता सुधरला बाण," तो म्हणाला.

मी धावतच न्दुकूच्या झोपडीशी गेलो. ती दारात गोरखचिंचेची फळं फोडत बसली होती, पोटावरून हात फिरवत. तिचा चेहरा मला कधी नव्हे इतका शांत दिसला.

"तो बरा झालाय," मी म्हणालो. "त्याने माझ्याकडे नीट बघितलं. तुझ्या बाजूला कुणीही नाही, न्दुकू."

तिने मान वर केली. तिच्या ओठांची जराही हालचाल झाली नाही. तिचा आवाज डावीकडून आला, रडवेला, जिथे मला कुणीच दिसत नव्हतं.

"दादा, इकडे बघ ना."

मी तिच्याकडेच बघत होतो.