लॅटिन शिकलेला सुतळीचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना सुतळीचा तुकडा आहे. जेमतेम वीतभर! पण हसू नका हं, मला लॅटिन येतं. थोडंच येतं, पण जे येतं ते पक्कं!

माझा जन्म दोरखंडांच्या कारखान्यात झाला. तिथून मी एका मोठ्या बागेत माळीणबाईंच्या हाती पडलो. मी वेली मांडवाला बांधायचो. "हा बसला की हलायचं नाव घेत नाही," असं त्या कौतुकाने म्हणायच्या. पुढे कापला जात जात मी वीतभर उरलो आणि दोन वर्षं त्यांच्या एप्रनच्या खिशात पडून राहिलो. फार वाईट वाटायचं.

मग माळीणबाईंचे गुडघे कुरकुरू लागले. खुरपणी होईना. बागेच्या बीजघरात बसून करायचं एक काम होतं, पण तिथल्या जुन्या नोंदी सगळ्या लॅटिनमध्ये! लॅटिनची परीक्षा पास झाल्या तर ते काम, नाही तर घरी बसायचं. त्यांच्या नणंदबाई शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या. रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. गाडी अडली ती संबंधी सर्वनामांपाशी. आपले 'जो, जी, जे', तसे त्यांचे 'क्वी, क्वाय, क्वोद'.

वाक्य होतं, 'जी वेल माळी बांधतो, ती जुनी आहे.' बाईंनी 'जी'साठी 'क्वाय' लिहिलं. दहाव्यांदा तीच चूक!

"अहो वहिनी, इथे 'क्वाम' हवं!"

"का पण, वन्सं? वेल ती, मग 'क्वाय'च ना?" बाई रडकुंडीला आल्या. रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाती लागलो मी! सवयीने त्यांनी माझं एक टोक 'वेल'वर ठेवलं आणि दुसरं त्या सर्वनामावर.

"अस्सं!" नणंदबाई ओरडल्या. "सर्वनामाने या वेलीकडून फक्त लिंग आणि वचन घ्यायचं. ते माहेरचं. विभक्ती मात्र सासरची! स्वतःच्या वाक्यात ते काय काम करतं, ते बघायचं. माळी कोणाला बांधतो?"

"तिला! म्हणजे ती कर्म! म्हणून 'क्वाम'! अगंबाई, हे तर माझ्यासारखंच झालं. नाक माहेरचं आणि राबायचं तुमच्या घरात!"

दोघी पोट धरून हसल्या. आनंदाने माझे पीळ सुटायची वेळ आली! त्या दिवसापासून प्रत्येक वाक्यावर मी आडवा पडू लागलो.

परीक्षेत शेवटच्या प्रश्नाला बाई अडल्या. हात खिशात गेला.

"काय आहे ते?" बीजघराच्या मॅडमनी विचारलं.

"सुतळी, मॅडम. शब्द बांधायला."

"इकडे द्या बघू."

झालं! मी मॅडमच्या टेबलावर आणि बाई तिकडे एकट्या. माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग हळूच अंगठा एका शब्दावर टेकवला, करंगळी ताणून दुसऱ्यावर ठेवली. अहो, मी तरी केवढा? वीतभरच ना! बाई गालात हसल्या आणि भराभर लिहू लागल्या.

बाईंना काम मिळालं! मॅडमनी मला परत देताना विचारलं, "हे कसं बांधता, मलाही दाखवा."

आता मी बाईंच्या व्याकरणाच्या पुस्तकात खूण म्हणून राहतो. मित्रांनो, जो तुकडा तुम्हाला बिनकामाचा वाटेल, तो टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. माझ्या बाईंनी मला दोन वर्षं विसरून ठेवलं, पण टाकलं नाही.