खोटारडी दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, पण चंद्राचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. माझा कारभार माणसांच्या छातीतला. करंगळीहून बारीक अंग, हवं तसं वळणारं, टोकाला डोळा. घशातून श्वासनळीत उतरायचं आणि तिच्या भिंती पाहायच्या. कर्करोग छातीत बिऱ्हाड थाटतो, त्याआधी भिंतीवर नुसता डाग बनून बसतो. साध्या उजेडात तो सहसा दिसत नाही. माझा निळा दिवा लावला की निरोगी भिंत हिरवी चमकते आणि डाग तांबूस उठतो.

नवी होते तेव्हा इस्पितळात आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे मला. मग मोठ्या डॉक्टरांनी नाव ठेवलं, खोटारडी.

त्यांची रीत ऐका. आधी साध्या उजेडात भिंती घासूनपुसून पाहायच्या, निळा दिवा शेवटी. ओरबाडलेली भिंत तांबूस दिसणारच! तिथला तुकडा काढून तपासला की निघायची नुसती सूज. नाचता येईना, अंगण वाकडं. माझी रवानगी कपाटात, तीही मुरडून.

एकदा बँडमधले ट्रम्पेटवाले काका आले. थुंकीत रक्ताची रेघ, छातीचा फोटो मात्र स्वच्छ. वाजवणं सुटेल का, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढलं.

"सर, आज भिंतीला हात लावायच्या आधी निळा लावू या."

"तिचं काय, सगळीकडे लाल, लाल अशीच बोंब."

"मारू दे बोंब. मग मीच तिला कपाटात टाकते."

मी उतरले. हिरवं, पुढेही हिरवं, आणि डाव्या फाट्यावर मसुरीएवढा तांबूस ठिपका. साधा उजेड लावला, तर भिंत धुतल्यासारखी. मोठे डॉक्टर दोन्ही दिवे आलटूनपालटून लावत राहिले.

"काढा तुकडा," ते शेवटी म्हणाले.

कर्करोगच होता, पण अजून वरच्या पापुद्र्यातच. तेवढाच जाळून काढला. काका अजून वाजवतात, शेजारी तक्रार करतात.

आता तपासणीच्या खोलीत आधी निळा दिवा लागतो. मला मात्र अजून खोटारडीच म्हणतात. म्हणोत! साध्या सुजेलाही मी कधी तांबडी ठरवते, आणि त्याची मला लाज नाही. उगाच ओरडले तर एक तुकडा जातो, गप्प बसले तर माणूस जातो.

तेव्हा मित्रांनो, मला मुरडू नका, सरळ टांगा. आणि मी तांबडं दाखवलं की खुशाल भांडा माझ्याशी, पण तुकडा काढून झाल्यावर.