धुतलेले दगड

मी भूशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे दगडांचं?" मी हो म्हटलं. तिने हातातली इस्त्री समोरच्या कॉलरवर अशी काही दाबली की वाफ माझ्या तोंडावर आली. त्या शर्टाचा मालक आमचं जुनं गिऱ्हाईक होता, त्याचा यात काही दोष नव्हता.

आमची लॉन्ड्री होती. पुढच्या खोलीत काउंटर आणि इस्त्रीचं लांब टेबल, मागे धुण्याचे टब आणि एक मशीन, आणि वर राहायला आम्ही मायलेकी. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून सगळा गाडा आईच ओढत होती. मी कॉमर्स करावं, हिशेब बघावा आणि हळूहळू काउंटरवर बसावं असा तिचा सरळ बेत होता. मी काही ऐकेना, तीही ऐकेना. बरेच दिवस अबोला धरून झाल्यावर तह झाला. मी खुशाल दगड शिकावेत, पण एका जरी परीक्षेत घसरले तर पुढचा शब्द न काढता काउंटरवर बसायचं. आई शब्दाची पक्की. गिऱ्हाइकाला गुरुवार सांगितला की ती गुरुवारीच कपडे द्यायची, मग बाहेर काहीही कोसळत असो.

आता मागे वळून बघितलं की ती तीन वर्षं डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहतात. कॉलेजच्या तळघरातली प्रयोगशाळा, तिथला ओल्या मातीचा वास, बाहेरच्या कट्ट्यावर पोळणारे दगड, आणि उन्हातान्हात हातोडी घेऊन टेकड्या चढणारी आमची टोळी. पाठीवरच्या पिशवीत खाणं कमी आणि दगड जास्त. संध्याकाळी मी घरी यायची ती गुडघ्यापर्यंत चिखलात. आईने माझ्यासाठी दाराबाहेर एक पोतं टाकून ठेवलं होतं, त्याच्या अलीकडे बूट आणायचे नाहीत. एकदा माझ्या पँटच्या खिशात राहिलेला बेसाल्टचा तुकडा मशीनमध्ये गेला आणि धुणं संपेपर्यंत ड्रममध्ये नुसता खडखडाट चालला होता. त्यानंतर माझे कपडे धुवायच्या आधी आई खिसे असे तपासायची, जसं काही माझ्याकडे साप सापडणार आहे. दगडांना मात्र ती हात लावत नसे. वरच्या खोलीत माझ्या पलंगाखाली त्यांची खोकी होती. झाडू मारताना ती खोक्यांच्या कडेकडेने मारायची.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतः गोळा केलेल्या खडकांचा संग्रह दाखवायचा असे. तपासायला आमचे भिंगसर. त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग कायम लटकलेलं असायचं, लग्नाच्या फोटोतही होतं म्हणे. दर वर्षी कुणी ना कुणी आधीच पास झालेल्या मित्राचा जुना संग्रह झाडून पुसून स्वतःचा म्हणून आणायचा आणि सर दोन प्रश्नांत त्याला उघडा पाडायचे. म्हणून त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. यादी आणि फील्डची डायरी आठवडाभर आधी त्यांच्याकडे जमा करायची. परीक्षेच्या दिवशी सर मनाला येईल तो नंबर पुकारणार, त्या नंबरचा दगड आपण पुढे करायचा आणि तो कुठे, कसा मिळाला ते सांगायचं. दगडावरचा नंबर यादीशी जुळला नाही तर संग्रह उसना समजायचा, आणि उसना म्हणजे नापास.

नंबर टाकायचीही रीत होती. दगडाच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, तो वाळला की वर काळ्या शाईने आकडा काढायचा आणि मग वॉर्निश मारायचं. वॉर्निश मी मारलं नव्हतं. कंटाळा, दुसरं काय.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी आले तर आई दारातच उभी. नवरदेवाचा कोट डाग काढून परत देताना तिचा चेहरा जसा असायचा अगदी तसा. "ये, बघ," म्हणाली आणि मला मागे घेऊन गेली. इस्त्रीच्या चादरीवर माझे सगळे दगड ओळीने वाळत घातले होते. स्वच्छ. चकचकीत. जन्मात इतके स्वच्छ दगड मी पाहिले नव्हते. परीक्षेला मळके जायला नकोत म्हणून सकाळपासून सोडा आणि साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, एकेक ब्रशने घासून तिने ते काढले होते.

"प्रत्येकावर पांढरा डाग पडला होता गं. लगेच निघाला," ती म्हणाली.

मी खालीच बसले. नंबर होते ते, असं कसंबसं म्हटलं. आईला आधी कळेना. तिच्या धंद्यात प्रत्येक कपड्याला आतल्या बाजूने शाईची खूण असते, कपडा विरला तरी ती शाई जात नाही. पाण्याने निघते ती खूणच नव्हे, तो डाग, हे तिच्या हाडीमाशी मुरलं होतं. मी तिला यादीचं सांगितलं, उसन्या संग्रहाचं सांगितलं, उद्या सकाळचं सांगितलं. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. एक दगड कमी होता.

सतरा नंबर खडकमीठ होतं. सरांच्या खनपटीला बसून एका बंद पडलेल्या खाणीत उतरायची परवानगी मिळवली होती, तिथला काचेसारखा गुलाबीसर तुकडा. माझा सगळ्यात लाडका. मी टबात हात घातला. अगदी तळापर्यंत चाचपलं. हाताला फक्त पाणी लागलं.

आई भिंतीला टेकून उभी होती. तिथूनच म्हणाली, "तुला वाटत असेल मी मुद्दाम केलं. काउंटरसाठी."

क्षणभर वाटलंही होतं, खोटं कशाला बोलू. पण मी तिच्या हातांकडे बघितलं. ब्रश मारून मारून बोटांची सालं निघाली होती. तीन वर्षं ज्या दगडांच्या कडेकडेने झाडू मारला त्यांना तिने पहिल्यांदा हात लावला होता, आणि तो अशा मायेने. मला रडूच आलं. राग होता, भीती होती, आणि तिची दयाही येत होती. सगळं एकदमच आलं.

रडणं आईला फार वेळ चालत नसे. तिने टेबल मोकळं केलं, दगड आणून मांडले, कपड्यांवर खुणा करायची शाई आणि बोरू घेतला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. नंबर कोणत्या क्रमाने दिले होते, असं विचारलं. मी म्हटलं, सापडले त्या क्रमाने. मग चालायला लाग, म्हणाली.

आणि मी चालायला लागले. पहिला ग्रॅनाइट, दगडखाणीच्या मागे, जिथे मी घसरून पडले आणि सगळे हसले. मग ओढ्याकाठचा शेल, पापुद्र्यांचा चिखलदगड, त्या दिवशी आम्ही वाट चुकलो. मग शिंपल्यांनी भरलेला चुनखडक. मी सांगत गेले, आई काळ्याभोर शाईने आकडे टाकत गेली. चुनखडक तिने हातात बराच वेळ फिरवला. दगडात शिंपले कुठून आले, असं विचारलं. मी म्हटलं, त्या टेकडीवर एके काळी समुद्र होता.

"टेकडीवर समुद्र होता, आणि तीन वर्षांत तू मला बोलली नाहीस?" आई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

मग मी बोलतच सुटले. ज्वालामुखी, गाळ, वाकलेले थर. ती मध्ये मध्ये अडवून विचारायची. दारावरची घंटा वाजली की जाऊन गिऱ्हाईक उरकायची आणि परत येऊन म्हणायची, हं, ओढ्यापर्यंत आलो होतो. शेवटी दोन दगडांशी गाडी अडली. दिसायला दोन्ही सारखे, बारीक कणांचे, राखाडी. एकात थोडी वाळू होती, दुसरा नुसता चिखलाचा. अशा वेळी आमच्यात दगडाचा कण दातांखाली धरून बघतात. वाळू असली तर करकर लागते. मी दोन्ही चावून बघितले. आईने डोळे मिटून घेतले.

"बरं झालं धुतले," ती म्हणाली.

राहता राहिला सतरा नंबर. मी म्हटलं, जाऊ दे. आई म्हणाली, पाणी कुठे फेकलंय अजून? तिने टबातलं पाणी फडक्यातून गाळलं, पुन्हा गाळलं, आणि मोठ्या पातेल्यात ओतून मंद आचेवर ठेवून दिलं. मी कितीदा सांगितलं की असं काही होत नसतं. तिने मला झोपायला पिटाळलं.

सकाळी पातेल्याच्या बुडाला मळकट पांढरी खपली धरली होती. आईने ती उलथण्याने खरवडली, कागदाच्या पुडीत बांधली आणि पुडीवर शाईने सतरा लिहिलं.

सरांनी आधी तीनचार नंबर विचारले. दगड आणि यादी बरोबर जुळले. दगड इतके स्वच्छ कसे, हे मात्र त्यांना कळेना. मग म्हणाले, "सतरा." मी पुडी पुढे केली. त्यांनी ती उघडली, भिंग लावलं, आणि पुडी माझ्यासमोर धरली. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. टब, ब्रश, सोडा, पातेलं. सरांनी बोट ओलं करून एक कण उचलला आणि जिभेवर ठेवला.

"साबण आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"समुद्र आटतो तेव्हाही असंच होतं. फक्त साबण नसतो." त्यांनी पुडी नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि यादीवर सही केली. "जा. उसना संग्रह कुणाची आई धूत नाही."

मी धावतच घरी आले. आई काउंटरवर होती. मी सगळं सांगितलं तरी ती हसली नाही. साबण लागला हेच तिला लागलं होतं. दोनदा गाळलं होतं मी, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पुढच्या आठवड्यात मी कॉलेजमधून आले तर काउंटरवर एक अनोळखी बाई बसून पावत्या फाडत होती. आईने तिला कायमची ठेवली होती.

पुढे मी बोगद्यांच्या कामांवर गेले, गावोगाव फिरले, आयुष्यभर दगडांचंच खाल्लं. लॉन्ड्री कधीच बंद झाली, आता तिथे चष्म्यांचं दुकान आहे. आईला जाऊनही बरीच वर्षं झाली. तो संग्रह मात्र माझ्या कपाटात आहे. नंतर गोळा केलेल्या कित्येक नमुन्यांचे नंबर वॉर्निश मारूनही उडाले, आईच्या हातचे आकडे तसेच काळेभोर आहेत.

पुडीतलं मीठ आता चिमूटभरच उरलंय. तिची फारच आठवण आली की मी पुडी सोडते आणि एक कण जिभेवर ठेवते.

साबण अजून लागतो.