लाल फडक्याखालचं पान

रविवारी सकाळी अकरा वाजता अंबरपेठेतल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खाली टाइल्सचं दुकान, वर संदेशगुरुजींचं ‘विद्यायोग केंद्र’. जिन्यावर चपलांचा खच, दाराशी पेढ्यांच्या डब्यांची चळत, आणि आत दीडशे आईबाप एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते, "तुमच्याला कुठे लागलं?" विचारणाऱ्यांना त्या मुलाशी काही देणंघेणं नव्हतं. आपलं पोरगं पुढे आहे की मागे, एवढंच त्यांना ताडून बघायचं होतं. ज्यांच्या घरी पेढे वाटून झाले होते ते मोठ्याने बोलत होते आणि बाकीचे पंख्याकडे बघत होते.

स्टेजवर नऊ मुलांचे मोठे फोटो टांगले होते. त्यांना हार घातले नव्हते, एवढंच नशीब. नऊही मुलं महागड्या खासगी शाळांतली आणि यंदा आयआयटीत लागलेली. गुरुजींनी त्यांच्या आईबापांच्या कानात वर्षभर आधीच सांगितलं होतं म्हणे, अगदी कॉलेजच्या नावासकट.

"विद्या म्हणजे फ्रीक्वेन्सी," माइकवर गुरुजी सांगत होते. भगवी शाल, हातात महागडं घड्याळ, आणि आवाज मोबाइल विकणाऱ्यासारखा. "तुमचं मूल म्हणजे टॉवर. आईबाप म्हणजे सिम. सिमच वाकडं बसलं तर रेंज येणार का?"

"नाही," दीडशे लोक एका सुरात म्हणाले. त्यांतले निम्मे इंजिनियर होते.

तिसऱ्या रांगेत सत्यवती बसली होती. कोठीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं ती रक्त तपासत आली होती. एका बाजूला नवरा हिम्मतराव, काचीगुड्यात विम्याच्या कचेरीत नोकरीला. दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांची राणी, मांडीवर दहावीच्या मार्कांचा मेमो घेऊन. तो मेमो आज कार्यक्रम संपल्यावर गुरुजींच्या पायाशी ठेवायचा होता आणि राणीने वर्षभर शिक्षण सोडायचं होतं. इंटरला, म्हणजे अकरावीला, नाव घालायची शेवटची तारीख उद्याची, सोमवारची होती.

हे सगळं का, तर मोठ्या मुलाला, बबलूला, आयआयटी लागलं नाही म्हणून.

गुरुजींची रीत अशी. आईबाप मुलाचा योग बांधायला आले की आधी घरच्यांची सगळी चौकशी व्हायची. घरात कोण आजारी, कोण भांडतं, आणखी कोण शिकतं. मग गुरुजी डोळे मिटून कानात कॉलेज सांगायचे आणि लगेच एका जाड वहीत काहीतरी लिहायचे. ते पान लाल फडक्याने झाकलेलं असायचं. फडक्याला खाली एक चौकोनी भोक पाडलेलं, त्यातून आईने सही करायची. पान वाचायचं नाही, वाचलं की योग मोडतो. बँकेच्या कागदावर चारदा विचारून सही करणाऱ्या बाया तिथे निमूटपणे सही करायच्या. सत्यवतीनेही केली होती. कानात तिला ऐकू आलं होतं, "आयआयटी. शिक्का बसला." त्या दिवशी ती रिक्षात रडली होती, आनंदाने.

निकाल लागला आणि बबलूचं नाव कुठेच नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी हिम्मतराव तावातावाने इथे जाब विचारायला आला, सत्यवतीला घेऊन. गुरुजी जराही रागावले नाहीत. त्यांनी दोघांना मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि वही काढली. फडकं बाजूला करून बबलूचं पान दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘यंदा नाही. विद्येला घरात दुसरा वाटेकरी.’ खाली सत्यवतीची सही.

"मी कानात सांगितलं ती तुमची इच्छा," गुरुजी म्हणाले. "पानावर लिहिलं ते सत्य. लिहिलेलं ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. ताई, सही तुमचीच ना?"

सही तिचीच होती. हिम्मतरावाचा राग तिथेच विरला आणि त्याने गुरुजींचे पाय धरले. दुसरा वाटेकरी म्हणजे राणी, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. गुरुजींनी उपाय सांगितला. मुलीला वर्षभर घरी बसवा, घरातली सगळी विद्या मुलाकडे वळेल. "आणि बाहेर कुठे बोलू नका. बोललात की दोष वाढतो."

"एका वर्षाचा तर सवाल आहे," हिम्मतराव घरी म्हणाला. "पोरीच्या जातीला काय घाई आहे?"

राणीला बायपीसी घ्यायचं होतं, जीवशास्त्राचा ग्रुप. तिने भरलेला फॉर्म कपाटात ठेवून दिला आणि त्या दिवसापासून ती बबलूच्या समोर यायची बंद झाली. बबलू तर कुणाच्याच समोर येत नव्हता. आणि सत्यवती, जी रोज शंभर माणसांच्या साखरेचा आणि मूत्रपिंडाचा हिशेब लावत होती, ती आपल्या पोरीकडे चोरून बघायला लागली होती, खरंच हिच्यामुळे असेल का म्हणून. ही गोष्ट ती पुढे कुणालाही सांगणार नव्हती.

तिचा गुंता सुटला तो शनिवारी, लॅबमध्ये. रोज सकाळी पेशंटचं रक्त लावायच्या आधी यंत्रात ‘कंट्रोल’ लावतात. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच त्या दिवशी यंत्रावर विश्वास ठेवायचा. त्या सकाळी नव्याने लागलेल्या प्रियदर्शिनीने कंट्रोल न लावताच तीन पेशंटांचे रिपोर्ट काढले आणि तिघांचीही साखर चारशे आली.

"मॅडम, तिघांनाही एवढी शुगर?" प्रियदर्शिनी घाबरून म्हणाली.

"पेशंटला कायकू बघतीस? आधी यंत्र तपास," सत्यवती म्हणाली. "ज्याची साखर नॉर्मल आहे हे पक्कं ठाऊक आहे, त्याचा नमुना लाव. त्यालाही चारशेच दाखवलं तर समज, यंत्र सगळ्यांना चारशेच सांगतंय."

बोलून झाल्यावर ती हातातली नळी धरून तशीच उभी राहिली. गुरुजींनी वही उघडून दाखवली ती बबलूला लागलं नाही म्हणून ते जाब विचारायला गेले तेव्हा. पेढे आणणाऱ्यांना वही बघायची गरजच पडत नव्हती. ज्याला लागलंय हे पक्कं ठाऊक आहे, त्याचं पान कुणी उघडलंय का?

आणि म्हणून रविवारी, त्या नऊ मुलांचा सत्कार सुरू व्हायच्या आधी, सत्यवती उठून पहिल्या रांगेत ज्योतीताईंकडे गेली. ज्योती आणि उदय पुण्याचे, दोघंही मोठ्या कंपन्यांत. त्यांचा सौरभ पहिल्याच फेरीत मुंबईला लागला होता. गेला महिनाभर हे ठाऊक नसलेला माणूस त्यांच्या ओळखीत उरला नव्हता.

"ताई, एक सुचवू का?" सत्यवती म्हणाली. "सौरभचं पान आहे ना गुरुजींच्या वहीत? वर्षभर आधी लिहिलेलं, खाली तुमची सही. त्याचा फोटो काढून घ्या. असा पुरावा कुणाकडेच नाही."

ज्योतीचा चेहरा उजळला. "अय्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही. स्टेटसलाच टाकते."

गुरुजींवर संशय घेऊन वही मागितली असती तर त्यांनी शंभर कारणं दिली असती. पण ज्योती भक्तीने मागत होती. तिने थेट माइक घेतला आणि सौरभचं पान सगळ्यांना वाचून दाखवते म्हणून जाहीर केलं. हॉलने टाळ्या वाजवल्या.

"नको," गुरुजी घाईने म्हणाले. "फळलेलं पान उघडलं की विद्या उडून जाते."

"आता कशी उडेल? सीट कन्फर्म झालीय, फीसुद्धा भरली," ज्योती हसून म्हणाली. वही गुरुजींच्या चौरंगावरच होती. मुलाचं नाव फडक्याबाहेर, पानाच्या माथ्यावर लिहिलेलं असायचं, तिला पान लगेच सापडलं. तिने फडकं उचललं, मोबाइल सरसावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"सौरभ. यंदा नाही. आईच्या मनात..."

पुढचं तिने मनात वाचलं. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सत्यवतीने माइक आपल्याकडे घेतला आणि ते वाक्य पुरं केलं. "आईच्या मनात शंका."

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. गुरुजी मात्र लगेच सावरले. "पाहा, हाच तर चमत्कार. नशिबात नव्हतं. मी साधनेने फिरवलं."

काही जणांचे हात जोडलेही गेले. सत्यवतीने ज्योतीच्या हातातली वही घेतली.

"मागच्या खोलीत तुम्ही आम्हाला म्हणालात, लिहिलेलं ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. मग सौरभचं कसं खोडलं?" तिने पुढचं पान उलटलं. "हा अमेय. त्याचा फोटो वर टांगलाय. यंदा नाही, आजीच्या आजाराचा दोष. हा ओमकार, त्याचाही फोटो आहे. यंदा नाही, बापाचा कोप. हा माझा बबलू, यंदा नाही, घरात दुसरा वाटेकरी. एक तरी ‘हो’ लिहिलेलं पान दाखवा मला."

ती वाचत गेली. वहीत यंदाची चौसष्ट पानं होती. चौसष्ट वेळा ‘यंदा नाही’ आणि प्रत्येक पानावर घरातलं एकेक माणूस गुन्हेगार.

"कानात सगळ्यांना हो आणि वहीत सगळ्यांना नाही," ती म्हणाली. "पोराला लागलं तर कानातलं खरं, पेढे घेऊन या. नाही लागलं तर वहीतलं खरं, मागच्या खोलीत या. चौसष्ट पोरं रात्रंदिवस शिकवणीला जातात, त्यांतली नऊ तर गुरुजी नसते तरी लागलीच असती. बाकी पंचावन्न कुठं आहेत? तुम्ही कधी विचारलंत का एकमेकांना?"

मागच्या रांगेतून एक गृहस्थ सावकाश उभा राहिला. "मलाही त्याच खोलीत नेलं होतं. माझ्या वडलांमुळं अडलं म्हणाले. मी त्यांना गावी नेऊन सोडलं." मग एक बाई उठली, मग आणखी दोघं. सगळ्यांना तीच खोली, तीच वही, आणि कुणाला सांगू नका ही तीच ताकीद. शेजारीशेजारी बसून, मुलांचे मार्क दशांशापर्यंत ताडून बघणाऱ्या या माणसांनी आपलं अपयश मात्र एकमेकांपासून जपून ठेवलं होतं. गुरुजींचा सगळा धंदा त्या लाजेवर चालला होता.

गुरुजींनी ध्यान करायची सूचना केली आणि ते ध्यान न करता मागच्या दाराने निघून गेले.

त्यांच्यामागे कुणी धावलं नाही. निम्मा हॉल रिकामा झाला आणि निम्मा तसाच बसून राहिला, गुरुजी परत येतील म्हणून. ज्योती आपल्या जागेवर जाऊन बसली. "पण सौरभला लागलंच ना शेवटी," ती उदयला म्हणाली. तिने फोटो काढला नव्हता.

हिम्मतराव जिना उतरून खाली आला तेव्हा त्याचं तोंड काळवंडलं होतं. टाइल्सच्या दुकानासमोर तो थांबला. राणीकडे त्याला बघवत नव्हतं, म्हणून तो रस्त्याकडे बघून बोलला.

"उद्या सकाळी मी येतो तुझ्यासोबत. बायपीसीच घे. पैले तेच काम करू."

"पप्पा," राणी म्हणाली, "पान खरं निघालं असतं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे गुरुजी खरे असते. सौरभच्या पानावर ‘हो’ लिहिलेलं असतं. तर मी आज मेमो ठेवून घरी आले असते ना?"

हिम्मतरावाने खिशात रुमाल शोधला. राणीने आईकडे बघितलं. एवढ्या गर्दीसमोर चौसष्ट पानं वाचणाऱ्या सत्यवतीला या एका प्रश्नाचं उत्तर देता येईना, कारण खरं उत्तर तिला ठाऊक होतं. मेमोसकट मुलीला त्या हॉलमध्ये तिने स्वतःच आणून बसवलं होतं.

सोमवारी राणीचं नाव लागलं. त्या प्रश्नाचं उत्तर तिला अजून कुणी दिलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, कुणी चमत्कार सांगितला तर टांगलेले फोटो मोजू नका, न टांगलेले मोजा. ज्यांना गुण आला नाही त्यांच्या दारात जाऊन विचारा, आणि आपल्याला आला नसेल तर लाजू नका, चारचौघांत सांगा. झाकलेल्या कागदावर सही करू नका. पण कुणी मुलाच्या यशासाठी घरातल्या मुलीचं शिक्षण मागितलं, तर तो भोंदू आहे की खरा, हे तपासत बसू नका. तो खरा असला तरी त्याला नाही म्हणा.